घरांतील कसर व तिचा बंदोबस्त

आपल्या मासिकांत कपाशीवरील बोंडअळी, मिरचीवरील फुलकिडे, ज्वारीवरील खोडमाशी इत्यादि शत्रूंविषयीं वेळोवेळीं माहिती येत असते, व तें योग्यच आहे. कारण उभें पीक हातचें गेलें म्हणजे शेतकऱ्याचें वर्ष बुडतें. परंतु ज्या घरांत तें पीक येऊन पडावयाचें, त्या घरांतहि एक कीड वर्षानुवर्षें आपलें काम निमूटपणें करीत असते. आणि पेटी उघडून हळहळण्याची वेळ येईपर्यंत तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ही कीड म्हणजे कसर होय.

कसरीनें केलेली हानि रुपयांत मोजूं गेल्यास लहान दिसते. परंतु वडिलांच्या अंगावरची घोंगडी किंवा आजीच्या लग्नांतला शालू बाजारांत पुन्हा विकत मिळत नाहीं. याहून मोठी गोष्ट अशी कीं, कसर घालविण्याच्या उतावळेपणांत शेतांतील वा कोठारांतील विषारी औषध कपड्यांच्या पेटींत टाकण्याचा मोह होतो, आणि मग वस्त्र वांचविण्याच्या भरांत माणसाच्या जिवावर बेततें. वस्त्रहि वांचावें आणि मनुष्यहि वांचावा असा बंदोबस्त करतां येतो. व त्याचें मुख्य साधन आपल्या खानदेशांत फुकट मिळतें. तें साधन म्हणजे वैशाखाचें ऊन्ह. हीच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. मराठींत ‘कसर’ हें एकच नांव आपण निदान तीन निरनिराळ्या किड्यांना देतों, व त्यामुळें एकावरचा उपाय दुसऱ्यावर करून फसतों. त्यांतील पहिली ती कपड्यांची पाकोळी. ही गव्हाच्या काडाच्या रंगाची, किंचित् सोनेरी झांक असलेली, पंख पसरले तरी अर्ध्या इंचाच्या आसपासच भरेल एवढी लहान असते. डोक्यावर तांबूस केंसांचा झुपका असतो. ती दिव्यावर झेप घेत नाहीं. उलट उजेड दिसतांच घडींत किंवा फटींत पळते. यास्तव रात्रीं दिव्याभोंवतीं फिरणाऱ्या पाकोळ्या पाहून पेटीची चिंता करूं नये. स्वयंपाकघरांत उडणाऱ्या पाकोळ्या बहुधा ज्वारी, तांदूळ किंवा पिठांतून निघालेल्या असतात. त्यांचा बंदोबस्त कणगींत व डब्यांत करावयाचा असतो, पेटींत नव्हे.

दुसरा किडा म्हणजे गालिच्याचा भुंगेरा. हा मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा, वाटोळा व अंगावर ठिपके असलेला असतो. प्रौढ भुंगेरा फुलांतील पराग खाऊन राहतो. नुकसान करते ती त्याची केंसाळ अळी. तिनें टाकलेल्या तपकिरी, केंसाळ काती कपड्यांच्या घडींत सांपडल्या, तर चोर हाच असें समजावें. तिसरा किडा चंदेरी, बिनपंखी, माशासारखा निमुळता असून पेटी उघडतांच सरकन् पळतो. याला लोकर फारशी नको असते. त्याला कागद, खळ, पुस्तकांच्या बांधणीची चिक्की व कांजी घातलेलें कापड आवडतें. आपल्या घोंगडीला विणतांना चिंचोक्याची खळ देतात. म्हणून एकाच घोंगडींत पहिल्या दोन किड्यांनीं लोकर व तिसऱ्यानें खळ खावी, असेंहि घडूं शकतें.

यांपैकीं कपड्यांच्या पाकोळीचा जीवनक्रम नीट समजला म्हणजे उपाय आपोआप सुचतात. प्रौढ पाकोळी कांहींच खात नाहीं. तिचें तोंड खाण्याच्या कामाचेंच नसतें. ती थोडेच दिवस जगते व तेवढ्या अवधींत लोकरीच्या तंतूंमध्यें चाळीस-पन्नास अंडीं घालते. अंडीं साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. उबदार हवेंत आठवड्या-दीड आठवड्यांत तीं फुटून मलईच्या रंगाच्या अळ्या बाहेर पडतात, आणि कपड्यांना पडणारीं भोंकें हें सर्वस्वी या अळ्यांचें काम असतें. सोय असली तर अळी दोन महिन्यांच्या आंतबाहेर वाढून कोश करते. अन्न अपुरें, हवा कोरडी वा थंड असली तर तीच अळी एक-दोन वर्षेंहि दम धरून बसते. म्हणून ‘उडणाऱ्या पाकोळ्या मारल्या, आतां काम झालें’ असें मानणें म्हणजे कणसें खाणारे पक्षी हाकलून मुळाशीं बसलेली हुमणी विसरण्यासारखें आहे.

या अळीचें सामर्थ्य तिच्या पोटांत आहे. लोकर, केंस, पिसें, नख, शिंग हे सर्व केराटिन नांवाच्या अत्यंत चिवट द्रव्याचे बनलेले असतात. गंधकाच्या बंधांनीं तें द्रव्य इतकें घट्ट विणलेलें असतें कीं, बहुतेक प्राण्यांना तें पचत नाहीं. या अळीच्या आंतड्यांत ते गंधकाचे बंध तोडणारा रस असतो. रेशीमहि ती खाते. परंतु कापूस हें तिचें अन्न नव्हे. आपला मुलूख कापसाचा असल्यानें नेसूं-पांघरूं बहुतेक सुती, व म्हणून आपणांस कसरीचा उपद्रव कमी, ही निसर्गाची कृपाच समजावी. मात्र सुती कपड्यावर घाम, तेल किंवा अन्नाचे डाग असतील, अथवा सूत लोकरींत मिसळलेलें असेल, तर तेंहि कुरतडलें जातें. यावरून एक नियम निघतो. मळलेला कपडा घडी करून ठेवणें म्हणजे कसरीला पान वाढून ठेवणें होय.

आतां ही घरांत येते कोठून, तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, ती पेटींतच उत्पन्न होते. तसें नाहीं. चिमण्या-पारव्यांच्या घरट्यांतील पिसें, भिंतींत मेलेल्या उंदराचे केंस, माळ्यावर सांचलेली धूळ व केंसांचे पुंजके हीं तिचीं मूळ ठिकाणें होत. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांतून सऱ्यांच्या खालीं पारव्यांचीं घरटीं असतात व त्याच्याच खालीं माळ्यावर ट्रंका रचलेल्या असतात. तेथून अळ्या सरळ खालीं उतरतात. घरट्यांतील पिलें उडून गेल्यावर रिकामें घरटें काढून जाळावें व ती जागा चुन्यानें लिंपून घ्यावी. पिलें असतांना घरटें मोडूं नये. तें पापहि आहे व अनावश्यकहि.

शेतकऱ्याच्या घरांत आणखी दोन आश्रयस्थानें असतात, तीं शहरांतल्या लेखकांना ठाऊक नसतात. एक, बैलांचा साज. पोळ्याला झुली, लोकरीचे गोंडे व माथोट्या निघतात, बैलांच्या घामानें भिजतात, व सण संपतांच तशाच गोणपाटांत बांधून माळ्यावर जातात. पुढल्या पोळ्याला गोंड्यांचा भुगा हातीं येतो, आणि मधल्या वर्षांत तेथून कसर घरभर पसरलेली असते. दुसरें, भजनी मंडळाची पेटी. हार्मोनियमच्या स्वरपट्ट्यांखालीं लोकरी नमद्याच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. चातुर्मास संपल्यावर पेटी महिनोगणती उघडली गेली नाहीं, तर त्या पट्ट्या कसर खाते व सूर आपोआप वाजूं लागतात. सभासदांनीं हीं दोन्हीं ठिकाणें अवश्य तपासावीं.

दोंडाईचा, शिंदखेडा या बाजूस उन्हाळ्यांत सावलींतील हवा चाळीस-बेचाळीस अंशांवर जाते. एवढ्या कोरड्या उष्णतेंत कसरीची वाढ होत नाहीं. ती बळावते ती मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत, जेव्हां हवा उबदार व दमट असते आणि पेट्या बंद असतात. तात्पर्य, पावसाळ्यापूर्वीं पेटी निर्जंतुक करून बंद केली, तर शत्रूला त्याचा हंगामच मिळत नाहीं.

कसर लागल्याचें आढळलें तर पहिल्या दिवशीं काय करावें, तें क्रमानें सांगतों. घाईनें एकच खराब कपडा काढून बाकीचे तसेच ठेवूं नयेत. संपूर्ण पेटी अंगणांत न्यावी व जमिनीवर पांढरी चादर अंथरून एकेक वस्त्र तिच्यावर झटकावें. शिवणी, काठ, खिसे व गळपट्टी यांवरून ताठ कुंचला फिरवावा. अंडीं बहुतेक याच कृतीनें गळून पडतात. चादरीवर जमलेला केर जाळून टाकावा. पेटीचे कोपरे, कपाटाच्या फटी, फळीखालची धूळ हें सर्व झाडून किंवा यंत्रानें ओढून घ्यावें, व ती धूळहि त्याच दिवशीं घराबाहेर जाळावी. हें झाल्यावांचून पुढील सर्व उपाय व्यर्थ होत.

यानंतर उष्णतेचा उपाय. कापडाच्या अगदीं आंतल्या थरापर्यंत पंचावन्न अंशांच्या पुढें उष्णता पोंचून ती तासभर टिकली, म्हणजे अंडीं, अळी, कोश व पाकोळी या चारहि अवस्था मरतात. नुसतें दोरीवर वाळत घातल्यानें इतकी उष्णता येत नाहीं. त्याकरितां कडधान्यांतील भुंगेरे मारण्यासाठीं जी रीत सांगितली जाते, तीच येथें वापरावी. अंगणांत गोणपाट अंथरून त्यावर काळें प्लास्टिक पसरावें. त्यावर पूर्ण कोरडी घोंगडी एकेरी घालावी. वरून पारदर्शक प्लास्टिक घालून चारहि कडा मातीनें दाबाव्या. पारदर्शक आच्छादनांतून ऊन्ह आंत येतें व आंतली ऊब बाहेर जात नाहीं. चैत्र-वैशाखांत सकाळीं अकरापासून तीन वाजेपर्यंत ठेवून दुसऱ्या दिवशीं घोंगडी उलटी करून पुन्हा तसेंच करावें. तापमापक मिळाल्यास घोंगडीखालीं ठेवून खात्री करून घ्यावी. जाड घडी तशीच टाकली तर मध्यभाग थंड राहतो व आंतल्या अळ्या जगतात. वस्त्र ओलसर असल्यास लोकर आटते. म्हणून ‘पूर्ण कोरडी’ हा शब्द विसरूं नये.

रेशमी व जरीच्या वस्त्रांना मात्र हा उपाय करूं नये. प्रखर उन्हानें रेशमाचा रंग उडतो व धागा कुजका होतो. त्यांना सावलींत वारा द्यावा, घडीची जागा बदलावी व जुन्या धुतलेल्या मलमलींत गुंडाळून ठेवावें. कसर लागलीच असेल तर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्याचा उपयोग होतो. वस्त्र प्लास्टिकच्या पिशवींत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करावें व उणें अठरा अंशांच्या थंडींत दोन आठवडे ठेवावें. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडूं नये. नाहींतर हवेंतील बाष्प वस्त्रावर जमून डाग पडतात. लहान शीतकपाटांतील कप्पा कित्येकदां इतका थंड होत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या जुन्या उपायांविषयीं. कडू निंबाचा वाळलेला पाला, वेखंड व कापूर हे पेटींत ठेवण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे, व ती निरर्थक नाहीं. यांच्या उग्र वासानें पाकोळी अंडीं घालण्यास येण्याचें टाळते. परंतु हे उपाय दाराशीं बसविलेल्या राखणदारासारखे आहेत. आधींच घरांत शिरलेल्या चोराला ते बाहेर काढूं शकत नाहींत. वास उडाला म्हणजे त्यांचा गुणहि गेला, म्हणून दोन-तीन महिन्यांनीं पाला व वेखंड बदलावें. तीं सुती पुरचुंडींत बांधावीं, म्हणजे वस्त्रास डाग पडणार नाहीं.

डांबरगोळीची गोष्ट निराळी. तिची वाफ घट्ट बंद पेटींत कोंडली गेली तरच कसर मरते. फटी असलेल्या कपाटांत चार गोळ्या टाकल्यानें खोलीभर वास मात्र पसरतो. ती वाफ माणसालाहि अपायकारक आहे. विशेषतः ज्या घरांत बाळंतीण असेल त्यांनीं पुढील वाक्य दोनदां वाचावें. कांहीं बालकांच्या रक्तांतील तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नांवाच्या द्रव्याची उपजत उणीव असते; ही उणीव आपल्या देशांतील अनेक समाजांत आढळते व ती वरून दिसत नाहीं. असें तान्हें मूल डांबरगोळ्यांतून काढलेल्या दुपट्यांत गुंडाळलें, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते, आणि ती मेंदूस बाधली तर मूल दगावतें किंवा जन्माचें अधू होतें. पेटींतील जुनीं मऊ लुगडीं फाडून बाळाचीं दुपटीं करण्याची आपली रीत चांगली आहे. तीं बाळाच्या अंगास लावण्यापूर्वीं धुऊन अनेक दिवस उन्हावाऱ्यांत टाकावींत. आणि खरें म्हणजे सुती कपड्यांत डांबरगोळी ठेवण्याचें मुळांत कारणच नाहीं, कारण सूत हें कसरीचें अन्न नव्हे. गोळी पांढरी व मिठाईसारखी दिसत असल्यानें रांगतीं मुलें ती तोंडांत घालतात, हा दुसरा धोका. कापूर व डांबरगोळी एकत्र ठेवूं नये. दोन्हीं पाझरून वस्त्रास डाग पडतो.

येथपर्यंत सांगितलें तें वस्त्राच्या हिताचें. यापुढील गोष्ट जिवाची आहे. स्वित्झर्लंडांतील गायगी कंपनींत लोकरीला कसर लागूं नये म्हणून द्रव्यें शोधण्याचें काम चालू होतें. त्याच कंपनींतील पॉल म्युलर या रसायनशास्त्रज्ञास १९३९ सालीं डीडीटीचा कीटकनाशक गुण सांपडला व १९४८ सालीं त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें हीं भुकटीचीं औषधें जगभर घरोघर उधळलीं गेलीं. आणि मग असें दिसून आलें कीं, तीं मातींत, दुधांत व माणसाच्या चरबींत वर्षानुवर्षें टिकून राहतात. आपल्या देशांत डीडीटीचा शेतींतील वापर १९८९ सालीं बंद करण्यांत आला व बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. जुन्या घरांत माळ्यावर या भुकटीचा एखादा गंजलेला डबा अजून पडलेला असेल, तर तो कपड्यांसाठीं उघडूं नये. त्याची विल्हेवाट कृषि खात्याच्या सल्ल्यानें लावावी.

याहूनहि भयंकर त्या धान्यांत ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेंतील ओलाव्याशीं संबंध येतांच त्यांतून फॉस्फीन नांवाचा वायु निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळींतून एक ग्रॅम वायु सुटतो. त्यावर उतारा नाहीं, आणि तो दाराच्या व भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलींत झोपलेल्या माणसांपर्यंत पोंचतो. म्हणूनच या गोळ्यांची विक्री व वापर सरकारी संस्था व प्रशिक्षित धुरीकरण करणारे यांच्यापुरता मर्यादित करण्यांत आला आहे. ‘धान्यांतला सोंडा मरतो, मग पेटींतली कसर कां मरणार नाहीं?’ असा हिशेब करणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं, कसर मरेल, पण पेटीशेजारीं निजलेलें पोरहि सकाळीं उठणार नाहीं. त्या वायूनें तांबें व रुपें काळवंडतें, म्हणजे ज्या जरीसाठीं हा खटाटोप करावयाचा तीहि वांचत नाहीं. फवारणीच्या औषधांचेंहि तसेंच. मोकळ्या शेतांतसुद्धां फवारणी करतांना २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले. तीं औषधें बंद खोलींत, अंगाशीं लागणाऱ्या कपड्यावर मारणें हें धाडस नव्हे, आत्मघात आहे.

कपाशींतील गुलाबी बोंडअळीसाठीं आपण कामगंध सापळे लावतों. कपड्यांच्या पाकोळीसाठींहि तसेच चिकट सापळे निघाले असून वस्तुसंग्रहालयांतून ते वापरतात. त्यांत केवळ नर सांपडतात, म्हणून त्यांनीं उपद्रव नाहींसा होत नाहीं. तो आहे कीं नाहीं एवढें कळतें.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण शेतकऱ्याच्या घरीं घोंगडी व खरेदीखत पुष्कळदां एकाच ट्रंकेंत असतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जुने कागद गोळा करण्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. १९२६ सालीं धुळ्यास त्यांचें निधन झालें व पुढील वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. जेथें कोणी असा संग्राहक पोंचला नाहीं, तेथील दप्तर कसर-वाळवीच्या पोटांत गेलें. आतां सातबारा संगणकावर मिळतो, हें खरें. पण जुनें वाटणीपत्र किंवा खरेदीखत घरांत आहे त्याच प्रतीवर कधीं कधीं सर्व भिस्त असते. जुन्या दप्तरखान्यांत कागद सुती रुमालांत बांधून, जमिनीपासून उंच फळीवर, भिंतीला न टेकवतां ठेवीत. तीच पद्धत घरींहि पाळावी. कागद लोकरी वस्त्रांपासून निराळे ठेवावे, ओलाव्यापासून जपावे व वर्षांतून दोनदां सोडून पाहावे. त्यांना प्रखर उन्हांत टाकूं नये. सावलींतला वारा पुरे.

हें सर्व वर्षाच्या क्रमांत बसविलें म्हणजे विसर पडत नाहीं. आखाजीला लेकी माहेरीं येतात, घरांत हात पुष्कळ असतात व ऊन्ह ऐन भरांत असतें. तो आठवडा पेट्यांसाठीं ठरवावा. घोंगड्या, शाली, सतरंज्या तापवून, मृगापूर्वीं घट्ट झांकणाच्या डब्यांत निंब-वेखंडासह बंद कराव्या. पोळा होतांच बैलांचा साज रिठ्याच्या पाण्यांत धुऊन, खडखडीत वाळवून मगच बांधावा. दिवाळीच्या साफसफाईंत माळा, घरटीं व भजनाची पेटी पाहावी, आणि पावसाळ्यांत बंद असलेले डबे उघडून झटकावे. थंडी सरून शिमगा आला म्हणजे अंगावर वापरलेलें प्रत्येक लोकरी वस्त्र धुतल्याशिवाय घडी करूं नये. एवढ्या चार वेळा पाळल्या तर विकतच्या औषधाचें कारण बहुधा पडत नाहीं.

घरांतील कर्त्या पुरुषांनीं हें काम केवळ बायकांचें म्हणून सोडून देऊं नये. माळ्यावर चढणें, घरटीं काढणें, साज धुणें हीं कामें त्यांचींच आहेत. आणि विषाच्या गोळ्या व डबे घराबाहेर कुलुपांत ठेवणें हें तर सर्वस्वी त्यांचें कर्तव्य आहे. वाचक बंधुभगिनींनीं येत्या रविवारीं आपली एक तरी पेटी उघडून पाहावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.